बँकेच्या नावाने आलेला मेल: आधी काय करायचं, मग काय

अमळनेरात मी व्यापाऱ्यांची जीएसटीची आणि आयकराची कामं करतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे हिशेबाऐवजी नुसता मोबाईल घेऊन येणारे वाढलेत. "भाऊ, पैसा ग्यात," एवढंच म्हणतात आणि फोन टेबलावर ठेवतात. आतापर्यंत काय काय केलं, असं विचारलं की उत्तर जवळपास ठरलेलं असतं. मेल डिलीट केला. त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलला. ओळखीच्या पोराकडून मशीन फॉरमॅट करून घेतलं. आणि आज सकाळी बँक उघडल्यावर शाखेत गेलो.

पुरावा पहिल्याच मिनिटाला गेला. नवा पासवर्ड व्हायरसने टाईप होता होताच उचलला. आणि ज्या रात्री पैसे वाटेत अडवता आले असते, ती रात्र शाखेचं शटर वर जायची वाट बघण्यात गेली. माणसं धडपड खूप करतात, पण क्रम उलटा असतो. म्हणून इथे क्रमच लिहितो आहे. पहिले तीन टप्पे काही घडलेलं नसताना करायचे, मधले चार मेल आल्यावर, शेवटचे तीन फटका बसल्यावर.

पैसे आत्ताच गेले असतील तर बाकी सोडा आणि थेट टप्पा ८ वाचा.

## टप्पा १: तुमचा ईमेल नेमका कोणाच्या ताब्यात आहे?

आपल्याकडे बऱ्याच जणांचा ईमेल त्यांनी स्वतः काढलेलाच नसतो. केळीच्या पीक विम्याचा अर्ज भरताना सेवा केंद्रात कोणीतरी काढून दिला, नाहीतर नवा फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने. पासवर्ड तुमचं नाव आणि पुढे १२३. रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर ज्यावर कोड येतो तो, दुकानाचा. तो पासवर्ड त्यांच्या वहीत लिहिलेला असतो आणि वही काउंटरवर उघडी पडलेली असते. पुढे हाच ईमेल बँकेत, आयकराच्या खात्यात, डीमॅटला, विमा पॉलिसीला लागतो. ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात "पासवर्ड विसरलो" या बटणाची किल्ली. म्हणून सुरुवात इथून करायची.

१. जीमेल असेल तर गूगल खात्याच्या "सिक्युरिटी" पानावर जा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तुमचाच आहे का बघा. दुसऱ्या कोणाचा असेल तर आधी तो काढा.

२. त्यानंतरच पासवर्ड बदला. हा क्रम उलटा झाला तर रिकव्हरी नंबरवाला माणूस नवा पासवर्डही बदलू शकतो. पासवर्ड लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडले तरी चालतील. बँकेचा आणि ईमेलचा एकच पासवर्ड कधीही नको.

३. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते.

४. "युवर डिव्हायसेस" मध्ये अनोळखी फोन किंवा कॉम्प्युटर दिसला तर तिथून साईन आऊट करा. जुना विकलेला फोन इथे हमखास सापडतो.

५. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्जमधल्या "फिल्टर्स" आणि "फॉरवर्डिंग" या दोन जागा बघा. चोर एकदा आत आला की इथे गुपचूप नियम लावून ठेवतो: बँकेचा मेल आला की मला पाठव आणि मालकाच्या इनबॉक्समधून उडव. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. मोबाईल ॲपमध्ये हे फिल्टर दिसत नाहीत, त्यासाठी कॉम्प्युटरच लागतो.

६. आता स्वतःच्याच मेलमध्ये "पॅन", "आधार", "कॅन्सल्ड चेक" असे शब्द शोधा, इंग्रजी स्पेलिंग टाकूनही. "सेंट" फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांची कागदपत्रं पडलेली असतात. लागणारी पेन ड्राईव्हवर घ्या, बाकी पुसा, मग ट्रॅशही रिकामा करा.

तपासा: आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावापुढे ईमेल आणि मोबाईल कोणाचा आहे? तुमच्या कर सल्लागाराचा असेल तर तो बदलून स्वतःचा टाकायला सांगा. मी माझ्या सगळ्या पक्षकारांचे बदलून घेतले. वेळ गेला, पण नोटीस आता ज्याची त्याला मिळते.

## टप्पा २: नळ बारीक करून ठेवा

केळीचे किंवा कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्याला युपीआय जोडू नका. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात हजारांतलीच रक्कम असू द्या.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाईन आणि परदेशी व्यवहार बंद-चालू करायची सोय असते. लागत नसतील तेव्हा बंद ठेवा. नेट बँकिंगची रोजची मर्यादाही कमी करा. मोठं पेमेंट असेल त्या दिवशी वाढवता येते.

आणि एक कागद. मोबाईलमधली नोट नको, खरा कागद. त्यावर कार्डामागे छापलेला बँकेचा नंबर, पासबुकवरचा शाखेचा नंबर, खाते क्रमांक आणि १९३० (सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाईन) लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. संकटाच्या वेळी फोनच बंद करावा लागू शकतो, तेव्हा हाच कागद कामी येतो.

## टप्पा ३: फाईलचं शेपूट दिसू द्या

शेपूट म्हणजे फाईलच्या नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं. फाईल कुठल्या प्रकारची ते त्यावरून कळतं. ते दिसत नसलं की काय होतं हे मी माझ्याच ऑफिसात पाहिलं. मार्चअखेर होती, टेबलावर बिलांचे गठ्ठे. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीने मला हाक मारली आणि म्हणाली, "सर, पेमेंटची पावती आलीय, पण उघडत नाहीये." झिप फाईल उघडून आतली फाईल तिने डेस्कटॉपवर काढलेली. लाल रंगाचं नेहमीचं पीडीएफचं चित्र, नाव "पेमेंट ॲडव्हाइस डॉट पीडीएफ". दोनदा क्लिक करून झालं होतं, काहीच उघडलं नव्हतं. मी विंडोजमध्ये शेपूट दाखवायची सेटिंग चालू केली आणि त्याच नावापुढे चार अक्षरं वाढली: "डॉट ईएक्सई". ती पावती नव्हतीच. तो प्रोग्राम होता आणि "उघडत नाही" असं आम्ही म्हणत होतो तेव्हा तो आपलं काम करत होता. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड त्याला एका जागी मिळाले असणार. पुढचे दोन दिवस आम्ही दुसरं काहीही केलं नाही.

विंडोज ओळखीच्या फाईलचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं. ते असं उघडा:

१. विंडोज ११ मध्ये कोणताही फोल्डर उघडा, वर "व्ह्यू", त्यात "शो", त्यात "फाईल नेम एक्स्टेन्शन्स". विंडोज १० मध्ये "व्ह्यू" टॅबवरच ती चौकट असते.

२. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या सुरक्षा दुरुस्त्या येत नसतील तर त्या मशीनवर बँकिंग करू नका. टॅली (हिशेबाचा प्रोग्राम) चालवा, बिलं छापा, पण बँक नको.

३. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड सेव्ह करू नका. आधीचा असेल तर पुसा.

४. टॅलीचा बॅकअप रोज पेन ड्राईव्हवर घ्या आणि पेन ड्राईव्ह काढून ठेवा. लावलेला राहिला तर फाईली कुलूपबंद करणारा व्हायरस त्यालाही धरतो.

५. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" शोधा. व्हॉट्सॲप, जीमेल, क्रोम, फाईल मॅनेजर या सगळ्यांपुढची परवानगी बंद असली पाहिजे.

## टप्पा ४: मेल वाचायचा क्रम

लोक मेल वरून खाली वाचतात: आधी बँकेचं चिन्ह, मग "आपले खाते आज रात्री बंद होईल", मग निळं बटण. तिथवर पोचेपर्यंत घाबरलेले असतात आणि बोट आपोआप पुढे जातं. मजकूर सगळ्यात शेवटी वाचा. आधी या तीन गोष्टी:

१. पाठवणाऱ्याचा पत्ता. नाव कोणीही काहीही लावू शकतो. नावावर टॅप करून ॲट चिन्हाच्या पुढचा भाग बघा. आयकराच्या नावाचा मेल आणि पत्ता साध्या जीमेलचा असेल, तर तिथेच विषय संपला.

२. लिंक कुठे नेते. कॉम्प्युटरवर बाण नुसता लिंकवर न्या, क्लिक करू नका. खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाईलवर बोट दाबून धरलं की दिसतो.

३. पत्ता उजवीकडून वाचा. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. समजा पत्ता असा आहे: अमुकबँक.बँक.इन.खाते-तपासणी.टॉप/लॉगिन. सुरुवातीचं "अमुकबँक.बँक.इन" बघून माणूस निर्धास्त होतो. पण सुरुवातीचे दोन तिरपे दांडे सोडून पुढचा पहिला एकटा दांडा शोधा आणि त्याच्या डावीकडचे शेवटचे दोन तुकडे बघा (शेवट "बँक.इन", "जीओव्ही.इन" किंवा "को.इन" असा असेल तर तीन). इथे ते "खाते-तपासणी.टॉप" आहेत. मालक तो आहे. त्याच्या आधीचं सगळं त्याने स्वतः लिहिलेलं असतं, त्यात तो तुमच्या गावाचं नावसुद्धा घालू शकतो.

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांना मिळतो. सरकारी पत्ता "डॉट जीओव्ही डॉट इन" किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" ने संपतो. आपल्या भागात पतसंस्था भरपूर आहेत. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, म्हणून तिला हा शेवट नसतो. तिच्या नावाने काही आलं तर शाखेतच जाऊन विचारा.

सावधान: पत्त्याशेजारचं कुलूप बघून विश्वास ठेवू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साईटच्या मधे कोणी चोरून वाचत नाही. ती साईटच चोराची असेल तर कुलूप काय उपयोगाचं?

सावधान: मेलमध्ये क्यूआर कोड असेल तर तीही लिंकच. उलट जास्त धोक्याची, कारण पत्ता डोळ्यांना दिसत नाही.

अशुद्ध भाषा ही एके काळी चांगली खूण होती. आता नाही. अलीकडचे खोटे मेल शुद्ध इंग्रजीत आणि बऱ्यापैकी मराठीतही येतात.

## टप्पा ५: खात्री दुसऱ्या दाराने करा

मेल खरा की खोटा हे मेलच्या आत बसून ठरवता येत नाही. त्यातला नंबर, त्यातली लिंक, त्यातलं "शंका असल्यास येथे संपर्क करा", सगळं एकाच माणसाने लिहिलेलं असतं. म्हणून मेल बंद करा आणि आपल्या नेहमीच्या वाटेने जा.

- बँकेचा मेल: बँकेचं ॲप स्वतः उघडा, किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन लावा. गूगलवर "कस्टमर केअर" असं शोधू नका. तिथे ठगांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात. मेलपासून वाचलेला माणूस तिथे अडकतो.

- आयकराची नोटीस किंवा रिफंड: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता हाताने टाईप करा. पहिल्याच पानावर विभागाची नोटीस खरी आहे का तपासायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. रिफंड खरा असेल तर पोर्टलवर दिसतो. तो मिळवायला कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी काहीही द्यावं लागत नाही. जुलैच्या आसपास हे मेल वाढतात, कारण रिटर्न भरलेला माणूस रिफंडचीच वाट बघत असतो.

- जीएसटीची नोटीस: पोर्टलवर लॉगिन करून "व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स" मध्ये बघा. केंद्रीय जीएसटीच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असेल, तर तो सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या) साईटवर पडताळता येतो.

- पीएम किसान, पीक विमा, वाहनाचा दंड: यांचं कुठलंही ॲप व्हॉट्सॲपवरून किंवा मेलमधून फाईल म्हणून घ्यायचं नसतं. "डॉट एपीके" शेपूट (मोबाईल ॲपची फाईल) दिसलं की थांबा. लग्नपत्रिका एपीकेमध्ये आली असेल तर ज्याच्या घरचं लग्न आहे त्याला फोन करून विचारा. बहुतेक वेळा त्याचाच फोन आधी फसलेला निघतो.

तपासा: पैसे *मिळण्यासाठी* युपीआय पिन मागितला जातोय का? पिन फक्त पैसे *जाताना* आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे येताना कधीच नाही.

## टप्पा ६: फाईल उघडण्याआधी

तुम्ही मागितलेली नसलेली फाईल आली तर पाठवणाऱ्याला फोन करा. मेलने विचारू नका. खातं चोराच्या हातात असेल तर "हो, मीच पाठवलंय" असं उत्तर चोरच देतो.

शेपटाकडे बघा. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ, एपीके: यातलं काहीही बिल किंवा पावती असू शकत नाही. एक्सेल किंवा वर्डची फाईल उघडल्यावर "एनेबल कंटेंट" असं पिवळ्या पट्टीवर आलं तर दाबू नका. साधं बिल वाचायला ते लागत नाही. झिपला पासवर्ड लावून तोच पासवर्ड मेलमध्ये दिला असेल तर ती मुद्दाम केलेली युक्ती समजा, कारण अशा झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही.

एचटीएमएल फाईलबद्दल लोक बेसावध असतात. उघडली की ब्राउझरमध्ये हुबेहूब लॉगिनचं पान दिसतं. वर पत्त्याच्या जागी "फाईल" ने सुरू होणारी ओळ असेल तर ते पान इंटरनेटवर नाहीच, तुमच्याच मशीनवर आहे. पासवर्ड टाकला की मात्र तो थेट चोराकडे जातो.

## टप्पा ७: "आमचं खातं बदललंय" असा मेल आला तर

व्यापाऱ्यांनी हा टप्पा दोनदा वाचावा. यात व्हायरस नसतो, खोटी लिंक नसते, स्पेलिंगची चूक नसते. म्हणून वरच्या कुठल्याही तपासणीत तो सापडत नाही.

सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याची गोष्ट. पॅकिंगचे खोके ते एकाच ठिकाणाहून कित्येक वर्षं घेतात. बिल ३ लाख ८० हजारांचं. नेहमीच्याच मेलवर, जुन्या संभाषणाच्याच खाली उत्तर आलं: ऑडिटमुळे आमचं खातं तात्पुरतं बंद आहे, या वेळी सोबतच्या खात्यात भरा. बिल नंबर बरोबर, खोक्यांची संख्या बरोबर, खाली सही नेहमीची. शुक्रवारी दुपारी शाखेतून आरटीजीएस केलं. मंगळवारी खोकेवाल्याचा फोन आला, "शेठ, पेमेंट राहिलंय." चोर कित्येक दिवस खोकेवाल्याच्या मेलमध्ये बसून बिलं वाचत होता.

नियम सरळ आहे आणि तो ऑफिसात भिंतीवर लावा. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की:

१. मेलमधल्या नंबरवर फोन न करता, तुमच्या फोनमध्ये आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर करा. आवाज ओळखीचा असला पाहिजे.

२. नवा खाते क्रमांक *त्यांना वाचायला सांगा*. तुम्ही वाचून "हाच ना?" असं विचारलं तर गडबडीत समोरचा हो म्हणून जातो.

३. आधी १ रुपया पाठवा, तो पोचल्याचं फोनवर ऐका, मगच बाकीचे. ही तपासणी पहिल्या दोन्हींनंतरच करायची. नुसता १ रुपया चोराच्या खात्यातही व्यवस्थित पोचतो.

४. दोन लाखांपुढच्या रकमेला घरातल्या किंवा दुकानातल्या दुसऱ्या माणसाची संमती घ्या.

## टप्पा ८: फटका बसला, पहिली दहा मिनिटं

मेल डिलीट करू नका. मशीन फॉरमॅट करू नका. स्वतःला दोष देत बसू नका, घरच्यांपासून लपवूही नका. लपवण्यात जो वेळ जातो त्यात पैसा तीन खाती पुढे गेलेला असतो.

१. तार तोडा. कॉम्प्युटर असेल तर वायफाय बंद किंवा केबल काढा. मोबाईलवर एपीके टाकलं असेल तर विमान मोड लावा आणि सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. असे ॲप तुमचे ओटीपी वाचून चोराला पाठवतात. सिम दुसरीकडे गेलं की ते बंद होतं. त्या साध्या फोनवरून स्टार किंवा हॅशने सुरू होणारे कुठलेही कोड दुसऱ्याच्या सांगण्यावरून लावू नका. एकच लावा: हॅश हॅश ००२ हॅश. कोणी कॉल फॉरवर्ड करून ठेवले असतील तर ते रद्द होतात.

२. बँक. कपाटावरचा कागद काढा, बँकेच्या नंबरवर फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि युपीआय बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक आणि घड्याळातली वेळ लिहून घ्या. घरात दोन माणसं असतील तर एकाने बँक, दुसऱ्याने १९३०, एकाच वेळी.

३. १९३०. राष्ट्रीय सायबर हेल्पलाईन, रात्रीही चालू असते. लागला नाही तर पुन्हा लावा, आणि तोवर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार सुरू करा. तिथे तुमचं खातं, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारतात. युपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक १२ आकडी असतो, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. बँकेच्या मेसेजमध्ये किंवा ॲपमधल्या व्यवहारावर टॅप केल्यावर तो सापडतो. याच माहितीवरून पैसे पुढच्या खात्यात असतील तिथे अडवले जातात, म्हणून क्रमांक एकेक अंक वाचून सांगा.

४. मग ईमेलचा पासवर्ड. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. त्यानंतर बँकेचा. फसलेल्या मशीनवरून कधीच नाही. पासवर्ड बदलल्यावर सगळ्या डिव्हायसेसवरून साईन आऊट करा, नाहीतर चोराचं उघडं असलेलं खातं तसंच उघडं राहतं.

तपासा: हातात दोन गोष्टी आल्या का? बँकेचा तक्रार क्रमांक आणि सायबर तक्रारीचा पोच क्रमांक. दोन्ही नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ९: पुरावा ठेवा, मग साफ करा

जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन ठिपक्यांतून "डाऊनलोड मेसेज" करा. नुसता फॉरवर्ड केलेला मेल पुराव्याला कमी पडतो, कारण तो कुठून कसा आला याची माहिती त्यातून गळते. स्क्रीनशॉट, बँकेचे मेसेज, व्हॉट्सॲपचं संभाषण, सगळं पेन ड्राईव्हवर घ्या. पोलिसांना मशीन बघायचं आहे का ते विचारा आणि त्यानंतरच साफसफाई करा.

कॉम्प्युटरवर विंडोज सिक्युरिटीमध्ये "स्कॅन ऑप्शन्स" मधला ऑफलाईन स्कॅन चालवा. मशीन स्वतः बंद होऊन चालू होतं आणि साधारण १५ मिनिटं लागतात. ईएक्सई प्रत्यक्ष चाललेली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या स्कॅनवर विसंबू नका, विंडोज नव्याने टाका. मी तेच केलं.

मोबाईलमधलं ॲप "अनइन्स्टॉल" होत नसेल तर सेटिंग्जमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" आणि "डिव्हाइस ॲडमिन ॲप्स" इथली त्याची परवानगी आधी काढा. तरी हटलं नाही तर सेफ मोडमध्ये चालू करून काढा. शेवटी फोटो बाजूला घेऊन फॅक्टरी रीसेट. मगच सिम परत घाला.

## टप्पा १०: कागद

फोनवर सांगितलं म्हणजे झालं, असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या.

तारखेला महत्त्व का आहे ते सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली आणलेल्या नियमांनुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच घुसून पैसे काढले, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर खात्याच्या प्रकाराप्रमाणे मर्यादित. तुम्ही कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यावर जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ओटीपी दिला असला तरी शरमेने गप्प राहू नका. प्रत्येक मिनिटाचा हिशेब आहे. आणि अर्जात खोटं लिहू नका. "ओटीपी दिला नाही" असं लिहिलं आणि नोंदीत उलट निघालं तर उरलेली केसही जाते.

सावद्याच्या व्यापाऱ्यासारखं आरटीजीएस स्वतः सही करून केलं असेल, तर ते या नियमात बसत नाही. तिथे रक्कम अडवणं हाच मार्ग, आणि तो पहिल्या काही तासांचा. पतसंस्थेतलं खातं असेल तरी हे नियम लागू नाहीत, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. तिथे १९३० आणि पोलीस.

जळगाव, धुळे, नंदुरबार, तुमचा जिल्हा कोणताही असो, सायबर पोलीस ठाणं लांब पडत असेल तर जवळच्या ठाण्यात जा. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही, असं सांगून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही.

सावधान: महिना-दोन महिन्यांनी एक फोन येईल. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवायला साडेचार हजार प्रोसेसिंग भरा." त्याला तुमचं नाव, गेलेली रक्कम, कधी कधी तारीखसुद्धा माहीत असते, कारण फसलेल्यांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जातात. फोन ठेवा आणि ज्या ठाण्यात तक्रार दिली तिथे स्वतः जाऊन पोच क्रमांकावर विचारा. एरंडोलकडच्या एका आजोबांनी परवा मला विचारलं, "पण त्याले मना आकडा बराबर माहीत व्हता ना?" हो आजोबा, आकडा त्याला माहीत असणारच. पैसे त्यांच्याच टोळीने नेलेले असतात.